'आहे' आणि 'असावं' यांच्यातलं अंतर: शोधनिबंधाचा इंग्रजी सारांश लिहिताना

"डायक्लोफेनॅक किल्ड ऑल द व्हल्चर्स ऑफ इंडिया."

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने लिहिलेलं हे वाक्य. डायक्लोफेनॅक म्हणजे जनावरांना सूज-वेदनेवर दिलं जाणारं औषध. मी विज्ञान शाखेला इंग्रजी शिकवते, त्यामुळे आधी लाल पेन घेऊन व्याकरण पाहिलं. व्याकरणात खोट नाही. मग तिने सारांशासाठी घेतलेला मूळ निबंध मागवला. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांचा, 'नेचर'मध्ये २००४ साली आलेला, चार पानांचा. शीर्षकाचे शेवटचे शब्द 'इन पाकिस्तान'. आत सगळी कहाणी एका जातीची, पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाची. आणि निष्कर्षाच्या वाक्याची सुरुवात 'वुई प्रपोज' अशी. म्हणजे तिच्या वाक्यातला 'किल्ड' जास्तीचा, 'ऑल' चुकीचा, आणि 'इंडिया' तर भलत्याच देशातला.

तिला मी मराठीत विचारलं, "काय म्हणतायत हे लोक?" ती म्हणाली, "मॅडम, पाकिस्तानात मेलेली गिधाडं उघडून तपासली. ज्यांची किडनी गेली होती त्यांच्यात ते औषध सापडलं, बाकीच्यांत नाही. मग पाळलेल्या गिधाडांना देऊन बघितलं, तर तीही तशीच मेली. म्हणून त्यांना वाटतंय की संख्या घटायचं कारण हेच असावं."

हा सारांश निर्दोष आहे. 'पाकिस्तानात' आहे, 'बाकीच्यांत नाही' आहे, आणि 'असावं' आहे. तो इंग्रजीत उतरताना यातला एकेक शब्द गळाला आणि उरलं ते ठणठणीत 'किल्ड'. गेल्या काही वर्षांत मी तपासलेल्या बहुतेक सारांशांत हेच होताना दिसतं. मुलांना निबंध कळलेला असतो, वाक्यही बऱ्यापैकी येतं, पण दावा किती जोराचा आहे हे इंग्रजीत सांगायची सवय नसते. म्हणून हाच निबंध हाताशी धरून सारांशाची सगळी वाट इथे चालून दाखवते. इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्याने वाचा, कानाला चूक लवकर कळते.

आधी निबंध विश्वासाचा आहे का ते बघा

सारांश कितीही नेटका लिहिला तरी मूळच कुजकं असेल तर उपयोग नाही. या तपासणीला दहा मिनिटं लागतात आणि नेमकी तीच वाचवली जातात.

बातमीवरून सारांश लिहू नका. 'संशोधकांनी शोधून काढलं' अशी बातमी दिसली की त्यात नियतकालिकाचं नाव शोधा आणि मूळ निबंधापर्यंत जा. विकिपीडियाचंही तसंच. लेख खुशाल वाचा, विषयाची ओळख चांगली होते, पण तळाच्या संदर्भांतून पुढे निघा. लेख कोणत्या जातीचा आहे तेही ओळखायला हवं. स्वतः प्रयोग करून लिहिलेला निबंध, इतरांचे पन्नास निबंध वाचून लिहिलेला आढावा, आणि तज्ज्ञ-परीक्षणाआधीच संकेतस्थळावर ठेवलेला प्रीप्रिंट या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत. प्रीप्रिंट वापरायला हरकत नाही, फक्त तो प्रीप्रिंट आहे हे सारांशात लिहावं लागतं.

डीओआय क्रमांक (निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक) टाकून निबंध प्रकाशकाच्या मूळ पानावर उघडतो का ते पाहा, आणि त्या पानावर 'रिट्रॅक्टेड', म्हणजे मागे घेतलेला, असा शिक्का नाही ना याची खात्री करा. हे अगदी महत्त्वाचं. 'लॅन्सेट'मध्ये १९९८ साली १२ मुलांवरचा एक निबंध आला. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि ऑटिझम यांचा संबंध त्यात सुचवला होता. 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला २०१० मध्ये. मधली बारा वर्षं तो नावाजलेल्या नियतकालिकातला निबंध म्हणून मिरवत होता आणि आजही त्याची पीडीएफ कुणाच्या तरी पेनड्राइव्हमध्ये असतेच. सिनियरने पाठवलेली फाइल असेल तर आणखीच जपून, कारण फाइलवर शिक्का उमटायला ती नव्याने उतरवून घ्यावी लागते.

नियतकालिक खरं की दुकान, हे कसं ओळखायचं? तुम्हाला 'आदरणीय प्राध्यापक' अशी ईमेल आली, तुम्ही एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहात, आणि चार दिवसांत निबंध छापून देऊ म्हणतात, तर ते दुकान. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसीची) केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, बघून सांगा, असं अजूनही काही मार्गदर्शक म्हणतात. पण ती यादी आयोगाने २०२५ च्या सुरुवातीला बंद केली. आता ही पारख विभागाने आणि आपणच करायची आहे: संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, त्यांच्या संस्थेच्या पानावर त्यांचं नाव दिसतं का, परीक्षणाची पद्धत लिहिली आहे का, आधीचे अंक वाचण्याजोगे आहेत का.

निबंध मिळत नाही ही अडचण आता बरीच कमी झाली आहे. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत केंद्र आणि राज्य सरकारी शिक्षणसंस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिकं उघडली गेली. तुमचं कॉलेज त्यात बसतं का ते ग्रंथपालांना विचारा. बसत नसेल तर 'करंट सायन्स' आणि 'प्लॉस'ची नियतकालिकं कुणालाही फुकट वाचता येतात, आणि सरावाला ती पुरून उरतात.

पहिल्या पानापासून वाचू नका

कादंबरी वाचावी तसा निबंध वाचायला बसलं की तिसऱ्या परिच्छेदात डोळे मिटतात. शीर्षक आणि गोषवारा (ॲबस्ट्रॅक्ट) वाचा. लगेच तक्ते आणि आकृत्यांवर जा, त्यांच्या खालच्या ओळींसकट. मग प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, कारण 'आम्ही इथे काय केलं' हे बहुतेकदा तिथे असतं. पुढे चर्चा. आणि सर्वांत शेवटी पद्धती, पण त्या गाळायच्या नाहीत. किती नमुने, कुठले, किती काळ, कशाशी तुलना, हे सगळं तिथेच दडलेलं असतं, आणि सारांशाचा कणा तोच.

गोषवाऱ्याबद्दल एक सावधगिरी. तो सारांशच आहे, मग आपण वेगळा कशाला लिहायचा, असं वाटतं. पण गोषवारा हे लेखकांनी स्वतः स्वतःबद्दल सांगितलेलं असतं. तुमचा सारांश म्हणजे तुमच्या प्रश्नासाठी त्या निबंधातलं काय कामाचं, हे तुम्ही सांगणं. गिधाडांच्या याच निबंधाचा सारांश विषविज्ञानाच्या प्रकल्पात लिहिला तर औषधाच्या मात्रेला जागा द्यावी लागेल. पक्ष्यांच्या संवर्धनावर लिहिला तर वसाहतींच्या मोजणीला. गोषवारा मात्र दोन्हीकडे एकच.

मराठीत चिठ्ठी

आता निबंध समोर ठेवून एका कोऱ्या कागदावर मराठीत चार गोष्टी लिहा: कुणावर आणि कुठे, काय केलं, काय आढळलं, आणि लेखक त्यावरून काय म्हणतात. तिसरी आणि चौथी गोष्ट वेगळ्या ओळीत, मध्ये रेघ मारून. ही रेघ फार मोलाची. रेघेच्या वर जे आहे ते मोजलेलं, खाली जे आहे ते अनुमान.

ओक्स यांच्या निबंधाची चिठ्ठी अशी होते. कुणावर: पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं, पाकिस्तानातल्या पंजाबात, २००० ते २००३. काय केलं: १६ वसाहतींत २,४०० हून जास्त घरट्यांवर लक्ष ठेवून मृत्यू मोजले, मेलेले पक्षी तपासले, मग पाळलेल्या गिधाडांना औषध थेट देऊन आणि औषध टोचलेल्या जनावरांचं मांस खायला घालून पाहिलं. काय आढळलं: मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ पैकी २५ पक्ष्यांत डायक्लोफेनॅक, तसा आजार नसलेल्या १३ पैकी एकातही नाही, प्रयोगातल्या पक्ष्यांनाही तोच आजार. रेघ. लेखक म्हणतात: या जातीची संख्या घटण्यामागे जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक असावं.

चिठ्ठीत तांत्रिक शब्द इंग्रजीतच ठेवा, 'रीनल फेल्युअर', 'व्हिसरल गाउट'. त्यांना मराठी प्रतिशब्द शोधत बसायचं नाही, नाहीतर परत इंग्रजीत जाताना त्यांचं भलतंच काहीतरी होतं. पण ते म्हणजे काय हे स्वतःला मराठीत सांगता आलं पाहिजे. व्हिसरल गाउट म्हणजे रक्तातलं यूरिक आम्ल बाहेर पडेनासं झालं की आतल्या अवयवांवर खडूची पूड फासावी तसा बसणारा पांढरा थर. हे कळलं की किडनीचा आणि त्या थराचा संबंध आपोआप लागतो, आणि सारांशात दोन्ही शब्द योग्य जागी येतात.

चिठ्ठी झाली की निबंध पालथा घाला. स्क्रीनवर असेल तर टॅब बंद. आणि ज्याला हा विषय माहीत नाही अशा कुणालातरी, भावाला, रूममेटला, मेसमध्ये समोर बसलेल्याला, तोंडी सांगा. तो एखाद-दोन प्रश्न विचारेल. "पण ते औषध गिधाडाच्या पोटात गेलं कसं?" असं त्याने विचारलं तर समजा की तुमच्या सांगण्यात जनावराच्या मढ्याचा दुवा राहून गेलाय. तो आता चिठ्ठीत घाला.

इंग्रजीत 'म्हणे' कुठे लिहायचं?

मराठी ऐकीव गोष्ट सांगताना किती जपून बोलते पाहा. 'पाऊस येणार आहे', 'पाऊस येईल', 'पाऊस येईलसं दिसतंय', 'पाऊस यावा', 'पाऊस येणार म्हणे'. आजीपासून नातवापर्यंत कुणालाही यातले फरक शिकवावे लागत नाहीत. शोधनिबंधाच्या इंग्रजीत हे काम दोन ठिकाणी होतं: लेखकाच्या नावामागून येणारं क्रियापद, आणि निष्कर्षाच्या वाक्यातले 'मे', 'माइट', 'लाइकली' यांसारखे शब्द.

'फाइंड', 'ऑब्झर्व्ह', 'डिटेक्ट', 'रिपोर्ट' म्हणजे आढळलं, नोंदलं. रेघेच्या वरचं सगळं यांत बसतं. 'सजेस्ट' आणि 'इंडिकेट' म्हणजे यावरून असं दिसतं. 'प्रपोज' म्हणजे आम्ही असं मांडतो, 'आर्ग्यू' म्हणजे पुरावे देऊन आमचं म्हणणं असं. 'शो' आणि 'डिमॉन्स्ट्रेट' म्हणजे दाखवून दिलं. ही वापरलीत की तुम्हीही त्या म्हणण्याला मान डोलावलीत, म्हणून ती जपून. 'प्रूव्ह' गणिताच्या मुलांसाठी राखून ठेवा.

'क्लेम'वर मात्र थोडं थांबायला हवं. मराठी वर्तमानपत्रांत 'असा दावा संशोधकांनी केला आहे' हे इतकं रुळलंय की मुलं डोळे झाकून 'द ऑथर्स क्लेम' लिहितात. मराठी बातमीतला 'दावा' बराचसा निरुपद्रवी असतो. इंग्रजी निबंधातला 'क्लेम' हा आपला 'म्हणे' आहे. म्हणतात खरे, पण मला पटलेलं नाही. तुम्हाला शंका असेल आणि पुढच्या वाक्यात ती सांगणार असाल तरच तो वापरा.

'कोरिलेट' आणि 'कॉज' यांची सरमिसळ तर रोजची. ओक्स यांचा निबंध त्यासाठी फार चांगला धडा आहे. मेलेल्या पक्ष्यांतलं औषध आणि मूत्रपिंडाचा आजार यांचा संबंध सांगताना लेखक 'कोरिलेट' म्हणतात. प्रयोगात तोच आजार पुन्हा घडवून दाखवल्यावर मग ते 'रिस्पॉन्सिबल' या शब्दापर्यंत येतात, आणि तेव्हाही आधी 'वुई प्रपोज' जोडून. एका निबंधात तीन पायऱ्या, आणि सारांशात तिन्ही दिसल्या पाहिजेत.

काळाचं कोडं वाटतं तितकं अवघड नाही. जे केलं आणि जे आढळलं ते भूतकाळात: 'डिटेक्टेड', 'डेव्हलप्ड'. लेखकांचं म्हणणं कागदावर आजही तसंच उभं आहे, म्हणून ते वर्तमानात: 'द ऑथर्स प्रपोज'. अनेकांनी केलेल्या कामाबद्दल एकदम बोलायचं असेल तर 'सेव्हरल स्टडीज हॅव रिपोर्टेड'.

मराठीतून थेट उचललेल्या काही चुका इतक्या नेहमीच्या आहेत की वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. 'च्याबद्दल चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट' होत नाही, 'डिस्कस्ड' पुरे. 'रिसर्चेस' आणि 'एव्हिडन्सेस' ही अनेकवचनं लिहायची नाहीत. 'स्टडीज' म्हणा, 'एव्हिडन्स' एकवचनीच ठेवा. 'ऑथर सेज' बोलताना चालतं, लिहिताना 'स्टेट्स'. आणि 'इन दिस पेपर' लिहिलंत की वाचणाऱ्याला तुमचाच पेपर वाटतो. दुसऱ्याच्या निबंधाबद्दल बोलताना 'ओक्स एट अल.' (ओक्स आणि इतर) असं नाव घ्या. 'अल'नंतर पूर्णविराम असतो, 'एट'नंतर नसतो. परीक्षकाचं लक्ष इथे हमखास जातं, का कोण जाणे.

आता चिठ्ठीवरून उतरवलेला सारांश:

"ओक्स एट अल. (२००४) इन्व्हेस्टिगेटेड हाय मॉर्टॅलिटी इन ओरिएंटल व्हाइट-बॅक्ड व्हल्चर्स इन पाकिस्तान बिटवीन २००० अँड २००३. डायक्लोफेनॅक रेसिड्यूज वेअर डिटेक्टेड इन ऑल २५ बर्ड्स विथ रीनल फेल्युअर बट इन नन ऑफ द १३ विदाउट इट. द सेम डिसीज डेव्हलप्ड इन कॅप्टिव्ह व्हल्चर्स गिव्हन द ड्रग डायरेक्टली ऑर फेड मीट फ्रॉम ट्रीटेड लाइव्हस्टॉक. द ऑथर्स देअरफोर प्रपोज दॅट व्हेटरिनरी डायक्लोफेनॅक वॉज रिस्पॉन्सिबल फॉर द डिक्लाइन ऑफ दिस स्पीशीज."

चार वाक्यं. पहिल्यात कोण, कुठे, कधी. दुसऱ्या-तिसऱ्यात रेघेवरचं. चौथ्यात रेघेखालचं, आणि त्यात 'देअरफोर' आहे, म्हणजे हे अनुमान आधीच्या दोन वाक्यांवरून निघालं हे वाचणाऱ्याला कळतं. चार पानांच्या निबंधाला साहित्य-आढाव्यात एवढी जागा पुरते. शिक्षकांनी २५० शब्दांचा स्वतंत्र सारांश मागितला असेल तर मात्रा, नमुने कसे मिळवले आणि अभ्यासाच्या मर्यादा यांची भर घाला. नुसती विशेषणं वाढवू नका.

शब्द बदलले म्हणजे आपलं झालं का?

नाही. मूळ वाक्य समोर ठेवून 'हाय'च्या जागी 'एलिव्हेटेड', 'डिक्लाइन'च्या जागी 'रिडक्शन' असे शब्द बदलत गेलं तर सांगाडा त्यांचाच राहतो, वरचं प्लॅस्टर तेवढं तुमचं. समानता मोजणारं सॉफ्टवेअर कधी त्याला पकडतं, कधी नाही. वाचणारा माणूस मात्र पकडतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधातल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पुढे ४० आणि ६० टक्क्यांवर कडक होत जाणाऱ्या पायऱ्या आहेत. त्यामुळे मुलांचं सगळं लक्ष आकडा दहाच्या खाली आणण्याकडे जातं, आणि मग ती शब्द फिरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागतात.

या सॉफ्टवेअरने काय होतं याचा जाहीर तमाशा झालेला आहे. गियोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी २०२१ मध्ये छापील निबंधांतून असे चमत्कारिक शब्द शोधून काढले आणि त्यांना 'टॉर्चर्ड फ्रेझेस' असं नाव दिलं. 'ब्रेस्ट कॅन्सर'चं झालं होतं 'बुझम पेरिल', आणि 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस'. हसू येतं, पण 'रीनल फेल्युअर'ला 'किडनी डिसअपॉइंटमेंट' केलेलं मीही एकदा वाचलं आहे. बिचारी किडनी.

तेव्हा तांत्रिक संज्ञा, जातींची नावं, एककं, मोजमापाच्या पद्धतींची नावं जशीच्या तशी ठेवा. ती कुणाच्या मालकीची नाहीत. बदलायची असते वाक्याची बांधणी, आणि ती निबंध पालथा घालून चिठ्ठीवरून लिहिलं की आपोआप बदलते. एखादं वाक्य लेखकाच्याच शब्दांत देणं अगदीच भाग असेल तर अवतरणचिन्हांत द्या. विज्ञानात अशी वेळ फार थोडी येते. चॅटबॉटकडून इंग्रजी तपासून घ्यायला माझी हरकत नाही, पण सारांश त्याच्याकडून घेऊ नका आणि संदर्भ तर मुळीच नको. अस्तित्वात नसलेला निबंध तो लेखकांच्या नावांसकट देतो, आणि डीओआय टाकला की काहीच उघडत नाही.

आकडे

सगळे आकडे नेले की सारांश रेल्वेचं वेळापत्रक होतो, एकही नाही नेला तर भाषण. जो आकडा काढला तर निष्कर्ष लंगडा होईल तोच ठेवा. इथे २५ पैकी २५ आणि १३ पैकी शून्य हे दोन ठेवावेच लागतात, कारण सगळा युक्तिवाद त्या जोडीवर उभा आहे. एकटा २५ काही सांगत नाही. तुलनेचा १३ शेजारी आला की तो बोलतो. दरवर्षीचा मृत्युदर ५ ते ८६ टक्के होता, हाही निबंधातला आकडा. त्यातला ८६ तेवढा उचलणं हा विद्यार्थ्यांचा (आणि वर्तमानपत्रांचा) आवडता खेळ. घ्यायचा तर दोन्ही टोकांसकट घ्या, आणि टक्के कशाचे ते सांगा. नमुना छोटा असेल तर टक्क्यांऐवजी सरळ संख्या द्या.

एकापेक्षा जास्त निबंध असतील तेव्हा

प्रकल्पाच्या आढाव्यात दहा निबंधांचे दहा सारांश एकाखाली एक, प्रत्येकाची सुरुवात 'ओक्स एट अल.', 'शुल्ट्झ एट अल.', 'ग्रीन एट अल.' अशी. हजेरी घेतल्यासारखं वाटतं. निबंध एकमेकांशी काय बोलतात ते दिसलं पाहिजे.

गिधाडांचंच पाहा. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातली गिधाडांची घट विभू प्रकाश यांनी 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'च्या नियतकालिकात १९९९ मध्ये मांडली. ही संस्था आपल्या मुंबईची, पण संख्या घटली एवढंच तेव्हा कळलेलं, कारण नाही. पाच वर्षांनी ओक्स यांनी पाकिस्तानात कारण सुचवलं. त्याच वर्षी शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी भारत आणि नेपाळमधल्या मेलेल्या गिधाडांतही तोच संबंध पाहिला. मग एक प्रश्न उरला: एवढी मोठी घट व्हायला किती मढ्यांत औषध असावं लागेल? ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्येच गणिती प्रतिमान (मॉडेल) मांडून उत्तर काढलं, १३० ते ७६० मढ्यांमागे एक विषारी असलं तरी पुरतं. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. आणि प्रकाश व सहकाऱ्यांच्या २००७ च्या निबंधाने भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं १९९२ पासून ९९.९ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज दिला.

असं लावलं की प्रत्येक निबंधाला एक काम मिळतं, आणि इंग्रजीत जोडशब्दही त्या कामानुसार सुचतात. शुल्ट्झसाठी 'अ सिमिलर असोसिएशन वॉज रिपोर्टेड इन इंडिया अँड नेपाळ'. ग्रीनसाठी 'मॉडेलिंग सजेस्टेड दॅट', कारण ते प्रतिमान आहे, मोजणी नाही. लक्षात आलं का, 'इंडिया' आता हक्काने आला. विद्यार्थिनीच्या पहिल्या वाक्यातला देश चुकीचा होता तो ओक्स यांच्या नावावर खपवल्यामुळे. शुल्ट्झ वाचला असता तर तो शब्द तिला ठेवता आला असता.

यातून एक नियम निघतो: जो निबंध तुम्ही स्वतः उघडला नाही त्याचं नाव उघडल्यासारखं लिहू नका. ग्रीन यांनी ओक्स यांच्याबद्दल काय म्हटलं ते वाचून ओक्स यांचा सारांश लिहिणं म्हणजे शेजारणीकडून ऐकून लग्नाचं वर्णन लिहिणं. मूळ निबंध मिळतच नसेल तर 'ॲज साइटेड इन' असं स्पष्ट लिहा.

सरावासाठी स्वान आणि सहकाऱ्यांचा 'प्लॉस बायॉलॉजी'तला २००६ चा निबंध घ्या. डायक्लोफेनॅकऐवजी मेलॉक्सिकॅम दिलं तर गिधाडांना ते सुरक्षित आहे का, हा त्याचा प्रश्न. फुकट आहे, भाषा सोपी आहे, आणि चिठ्ठीतली रेघ कुठे मारायची हे त्यात छान कळतं.

दुसऱ्या दिवशी

लिहिलेलं एक रात्र बाजूला ठेवा. सकाळी मूळ निबंध पुन्हा उघडा आणि तीन रंगांची पेनं घ्या. एका रंगाने प्रत्येक आकडा मूळाशी ताडून टिक करा. दुसऱ्याने प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढून विचारा, लेखक एवढ्या जोरात म्हणाले होते का? तिसऱ्याने जागा, जात आणि काळ यांवर गोल करा. एकही गोल नसलेलं निष्कर्षाचं वाक्य दिसलं तर ते संशयित. शेवटी कोणत्याही ओळीत सलग पाच-सहा शब्द मूळासारखेच आलेत का ते पाहा, संज्ञा वगळून.

त्या विद्यार्थिनीने हे सगळं केलं आणि आठवड्याने परत आली. 'किल्ड' गेलं होतं, 'ऑल' २५ या आकड्याशेजारी योग्य जागी बसलं होतं, पाकिस्तान परत आलं होतं. पण शेवटच्या वाक्यात एका ठिकाणी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं. "मॅडम, 'द व्हल्चर्स' लिहू की नुसतं 'व्हल्चर्स'?"

'द' लावलंत तर ज्यांच्याबद्दल आताच बोललो ती गिधाडं, म्हणजे प्रयोगातली. 'द' काढलंत तर सरसकट गिधाडं, जगभरातली. तिने थोडा विचार केला आणि 'द' ठेवला.